पोटात दिवा असलेला मासा

'तिप्पट मासे, हमखास!' पुडक्यावर ही एवढी एक ओळ नसती, तर पुढचं रामायण झालंच नसतं.

बायकोनं वाढदिवसाची भेट द्यावी, नवऱ्यानं ती उघडावी आणि 'अगं, कशाला उगाच' म्हणत चार लोकांना दाखवत सुटावं, अशी जगाची रीत आहे. पण हा नवरा पडला वजनमापे कार्यालयातला निरीक्षक. लोकांचे तराजू तपासण्यात, दुधाची मापं उलटी करून बघण्यात आणि कापडवाल्याच्या मीटरपट्टीला आपली मीटरपट्टी लावून भुवई उंचावण्यात त्याचं तारुण्य चाललेलं. बाजारात त्याला 'ग्रॅमसाहेब' म्हणत. आपणही तेच म्हणू. आणि साहेब म्हटलं की आदरार्थी बोलणं आलंच. हे नाव कुचेष्टेचं आहे हे ग्रॅमसाहेबांना पक्कं ठाऊक होतं, तरी ते कानावर पडलं की त्यांची मान जराशी ताठ व्हायची.

भेट होती एक नकली मासा. बोटभर लांबीचा, पारदर्शक प्लास्टिकचा, डोळे असे वटारलेले की जणू आत्ताच कुणीतरी त्याच्या हातात विजेचं बिल ठेवलंय. पोटाखाली दोन गळ आणि दोन गळांच्या मध्ये धातूचे दोन ठिपके. ठिपके ओले झाले की पोटात हिरवा दिवा लागायचा. हा मासा दोऱ्याला बांधायचा, पाण्यात दूर फेकायचा आणि रीळ फिरवत ओढत आणायचा. उजेडाला भुलून तळ्यातला बास त्याच्यावर झडप घालणार, असं पुडक्याचं म्हणणं. बास हा रुंद तोंडाचा, चिडका मासा. त्याच्या नादाला लागलेल्या माणसाला घरचे जे म्हणतात, नेमकं तेच त्याचं नाव आहे, हा योगायोग बायकोनं लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात नोंदवला होता.

"कशाच्या तिप्पट?" ग्रॅमसाहेबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"तिप्पट म्हणजे कशाच्या तरी तिप्पट ना? मूळ आकडा कुठाय? मला आजवर एकही बास लागलेला नाही. शून्याच्या तिप्पट किती?"

"अहो, आवडला का तेवढं सांगा ना."

"आवडला," ग्रॅमसाहेब म्हणाले. पण संशयित तराजूवर नाइलाजानं शिक्का मारावा तशा आवाजात. मग त्यांनी पुडक्यामागची मुंगीच्या पायांएवढी अक्षरं मोठ्यानं वाचली. आतली बॅटरी बदलता येत नाही. ती संपली की दिवा संपला. "हे कुणी वाचत नाही," ते अभिमानानं म्हणाले, "मी वाचतो."

वाचणं वेगळं आणि ध्यानात धरणं वेगळं, हे ग्रॅमसाहेबांना त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

दर रविवारी सकाळी ग्रॅमसाहेब आणि त्यांचे सासरे गावाबाहेरच्या तळ्यावर जात. सासरे, म्हणजे बाबा, घड्याळजी होते. दुकान विकून वर्ष होत आलं होतं. सासूबाई गेल्यापासून ते एकटे राहत, आपला स्वयंपाक आपण करत आणि कुणी 'आमच्याकडे राहायला या' म्हटलं की विषय बदलत. घरात जावई-सासरे समोरासमोर बसले की दोघांनाही छताकडे बघत बसावं लागे. बोलायला काही सुचतच नसे. तळ्यावर मात्र बघायला पाणी होतं. पाण्याकडे बघत माणूस गप्प बसला तर त्याला कुणी घुम्या म्हणत नाही. ग्रॅमसाहेबांचे वडील त्यांच्या लहानपणीच गेलेले. त्यामुळे कुणाच्या तरी शेजारी नुसतं गप्प बसणं ही चीज त्यांना उशिरा मिळाली होती, आणि आठवड्यातून एकदाच मिळत होती. हे त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं तर कुठल्या मापात सांगणार?

बाबांचा एक ठरलेला खडक होता. त्यावर बसून, दोरा उजव्या तर्जनीवरून घेऊन, ते रीळ दोन वेढे फिरवत, थांबत, परत फिरवत. आणि बघायचे भलतीकडेच. पाणी समोर, बाबा बघतायत डावीकडच्या झुडपाकडे. तरी बास यायचा तो त्यांच्याच गळाला. मधूनच विचारायचे, "किती वाजले रे?" मनगटावर स्वतःच्या हातानं जुळवलेलं घड्याळ असताना! शिंप्याच्या सदऱ्याला बटण नसतं, तसं घड्याळजीला वेळ बघायचा कंटाळा असावा, असा ग्रॅमसाहेबांचा निष्कर्ष. मिनिटासकट बिनचूक वेळ सांगण्यात त्यांना धन्यता वाटे.

त्या रविवारी त्यांनी नवा मासा बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो अंगठ्यानं चाचपला.

"पोटात काय आहे म्हणालास?"

"दिवा."

"उजेड पडतो?"

बाबांनी वाकून तो पाण्यात बुडवला, वर काढला आणि आपल्या कानाशी धरला. बराच वेळ धरला.

"बाबा, तो वाजत नाही. कानाला लावायचा नसतो तो."

"हं," बाबा म्हणाले. चेहरा असा उजळला होता की जणू खरंच काही ऐकू आलं. "छान आहे रे. मला देतोस का?"

आता, बाबांनी जावयाकडे आजवर काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या हे लगेच ध्यानात आलं असतं. पण ग्रॅमसाहेबांच्या डोक्यात 'तिप्पट' घोळत होतं.

"देतो ना. पण आधी सिद्ध होऊ दे. तपासल्याशिवाय मी काही कुणाच्या हातात देत नाही."

"खरंय," असं म्हणून बाबांनी मासा परत केला.

हे सगळं आवडीपुरतंच राहिलं असतं, पण भिंतीपलीकडे संगीत मास्तर राहत होते. ते मुलांना पियानो शिकवत आणि उरलेल्या वेळात शेजाऱ्यांना सल्ले देत. मासा बघून ते हसले.

"साहेब, असले दिवे माशांना पकडायला नसतात. गिऱ्हाइकाला पकडायला असतात."

गिऱ्हाईक म्हणजे कोण, हे उघड होतं. ते तिथेच लेकीला भरवत बसलं होतं. बायकोनं फक्त वाटीच्या कडेवर चमचा दोनदा खरवडला. वाटीत काही उरलं नव्हतं.

"वहिनी, तुम्हाला नाही म्हटलं हो मी," मास्तरांनी घाईघाईनं सारवासारव केली, आणि ती अशा वेळी होते तशीच झाली. ग्रॅमसाहेबांनी मात्र मनाशी पक्कं केलं. मासा खोटा असेल तर तो शास्त्रानं खोटा ठरेल. आणि खरा असेल, तर मास्तरांना तो ह्याच भिंतीवर टांगून दाखवायचा.

शास्त्राची सुरुवात बादलीत झाली. मग टबात झाली. दिवा किती खोल दिसतो, गढूळ पाण्यात किती दिसतो, साबणाच्या पाण्यात कसा दिसतो. (साबणाच्या तळ्यात मासे राहत नाहीत, असं बायकोनं सुचवून पाहिलं.) न्हाणीघराचा दिवा मालवून ग्रॅमसाहेब टबाच्या काठावर उकिडवे बसत आणि बाहेर आंघोळीसाठी माणसं खोळंबत. गळ काढून ठेवलेला मासा एकदा टेबलावर राहिला आणि लेकीच्या हाती लागला. तिला दात येत होते. दिसेल ती वस्तू तोंडात, हा तिचा त्या काळातला एकमेव नियम. तिच्या लाळेनं ठिपके ओले झाले आणि मासा पेटला. लेक आधी दचकली, मग इतकी खदखदून हसली, की सगळं घर हसू लागलं. मासा हिसकावून, धुऊन, कपाटावर ठेवला तर तिनं घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लावून तो लांबूनच तिला दाखवावा लागे, त्याशिवाय घास उतरत नसे. दिव्याच्या माशानं पहिलं कुणाला गाठलं असेल तर तिला. निकाल निर्विवाद होता. पण लेक बास नसल्यामुळे ग्रॅमसाहेबांनी तो धरला नाही.

मग परवानगी. तळ्याच्या फाटकावर पाटी होती: 'दिव्याच्या साहाय्याने मासेमारी करण्यास सक्त मनाई.' दुसरा कुणी कानाडोळा करून आत गेला असता. नियम दिसल्यावर कानाडोळा करणं ग्रॅमसाहेबांना जन्मात जमलं नव्हतं. ते अर्धा दिवस रजा टाकून तळ्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनानं डोक्यावरची हॅट काढून टेबलावर ठेवली, तिच्यावरची नसलेली धूळ झटकली आणि मासा उलटासुलटा केला.

"ह्यात दिवा आहे?"

"आहे."

"मग मनाई आहे."

"पण दिवा माशाच्या पोटात आहे."

"कुठल्या माशाच्या?"

"ह्या. नकली."

"नकली माशाला आमची काही हरकत नाही. हरकत दिव्याला."

"पण नियम मोठ्या दिव्यांसाठी असणार. बत्त्या, झोत वगैरे."

"तसं लिहिलंय कुठे? तुम्हीच सांगा साहेब, पावशेर कमी आणि रतीभर कमी, दोन्ही कमीच ना?"

ग्रॅमसाहेब गारद झाले. हे वाक्य त्यांनी स्वतः किती भाजीवाल्यांना ऐकवलं होतं! आपलीच काठी आपल्याच पाठीवर बसली की ती किती लांब आहे ते कळतं. त्यांना वीज विभागात पाठवण्यात आलं. वीज विभाग म्हणाला, हे उपकरण भिंतीला जोडलेलं नाही, सबब आमचं नाही. परत कारकून. परत अर्धी रजा. प्रत्येक टेबलावर मासा ओला करून, पेटवून दाखवावा लागला, आणि प्रत्येक टेबलानं शेजारच्या टेबलाला हाक मारून 'अरे, हे बघ' म्हटलं. शेवटी कारकून पाघळला. लेखी परवानगीचं वरून कळेल तेव्हा कळेल. तोवर एका संध्याकाळपुरती तोंडी परवानगी, पण त्याच्या समक्ष. त्यालाही आता कुतूहल होतं.

चाचणीचे नियम ग्रॅमसाहेबांनी ठरवले. तत्त्व एकच: दिवा सोडून सगळं समान. एकसारख्या दोन काठ्या. दिव्याच्या माशाच्या वजनाचा बिनदिव्याचा दुसरा मासा. तो जरा हलका भरला म्हणून कार्यालयाच्या काट्यावर ठेवून त्याच्या शेपटीला शिशाची तार गुंडाळली. रीळ फिरवण्याचा वेग समान हवा, म्हणून मास्तरांचं मेट्रोनोम, म्हणजे तालासाठी टकटक करणारं ते लाकडी यंत्र, काठावर ठेवायचं. दर टकटकीला एक वेढा, थांबायचं नाही, दोऱ्याला बोट लावायचं नाही. जागा चिठ्ठ्या टाकून ठरणार. आणि वेळ संध्याकाळची, कारण लख्ख उजेडात दिव्याची परीक्षा ती काय?

बिनदिव्याची काठी बाबांनी धरावी, असं ठरवून ग्रॅमसाहेबांनी त्यांना फोन केला.

"संध्याकाळी?" बाबांनी विचारलं. "सकाळी नाही चालणार?"

"सकाळी दिव्याचा उपयोग काय, बाबा?"

"खरंय. माझ्या खडकावरनं ना पण?"

"चिठ्ठ्या टाकणार आहोत. समान नको का व्हायला?"

"खरंय," बाबा म्हणाले. "समान हवंच."

चिठ्ठीत बाबांचा खडक ग्रॅमसाहेबांना आला आणि बाबांना पलीकडचा उतार. तिकडे जाताना बाबांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "गुडघे," ते म्हणाले. तो हात गुडघ्याच्या मानानं फारच घट्ट होता. पण ग्रॅमसाहेबांचं लक्ष मेट्रोनोमच्या लंबकाकडे होतं.

सूर्य गेला. मास्तरांनी किल्ली दिली, टकटक सुरू झाली. बायको लेकीला घेऊन गवतावर बसली होती. मधोमध पंच म्हणून कारकून उभा. डोक्यावर तीच हॅट. ग्रॅमसाहेबांचा मासा हिरवी रेघ काढत पाण्यात पडला. बाबांनी काठी मागे नेली, क्षणभर घुटमळले आणि फेकली. गळ तळ्याच्या दिशेला गेलाच नाही. तो बाजूला वळला, कारकुनाच्या हॅटमध्ये रुतला, आणि हॅट त्याच्या डोक्यावरून उठून ऐटीत उडत जाऊन पाण्यात पडली. कारकून दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं चाचपत राहिला, तेही गेलं की काय असं.

मास्तर हसता हसता मेट्रोनोमवर पडले. बायको हसली. लेक टाळ्या पिटू लागली. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ग्रॅमसाहेब. त्यांनी तपासणीच्या आवाजात खणखणीत पुकारलं, "बाबा! हॅट, एक!"

बाबाही हसले. "बिनदिव्याचीच होती ना? मग धरा हिशोबात," ते म्हणाले.

पण त्यानंतर त्यांनी गळ लांब फेकला नाही. पायाशीच सोडायचे आणि टकटकीबरोबर रीळ फिरवायचे, नव्या विद्यार्थ्यानं घाबरत सूर वाजवावेत तसे. ग्रॅमसाहेबांना मात्र एक बास लागला. आयुष्यातला पहिला. आणि थोड्याच वेळात दुसरा. दोन्ही वेळा ते असे ओरडले की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. मासे नियमाप्रमाणे पाण्यात परत सोडले. "सिद्ध!" ग्रॅमसाहेब म्हणाले, आणि मास्तरांनी मान डोलावली, आणि बायकोचा चेहरा असा फुलला, की त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर त्यांनी जग बरोबर मापाचं आहे असं लिहून दिलं असतं.

परतताना गाडीत बाबांनी वेळ विचारली नाही.

पुढच्या रविवारी बाबांचा फोन आला, गुडघा धरलाय. त्याच्या पुढच्या रविवारी, कुणीतरी यायचंय. मग, हवा बरी नाही. खिडकीबाहेर लख्ख ऊन पडलेलं. ग्रॅमसाहेब एकटेच तळ्यावर गेले. दिव्याचा मासा त्यांनी सगळ्या काठावरून फेकून पाहिला, तासन्‌तास, भर उन्हातसुद्धा. एक बास फिरकला असेल तर शपथ! मग एका सकाळी कंटाळून ते बाबांच्या खडकावर बसले आणि तो शेपटीला तार गुंडाळलेला साधा मासा त्यांनी नुसता टाकला. लगेच हिसका बसला.

त्यांनी बास सोडला आणि काठी खाली ठेवली. तराजू खोटा कसा करतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! काटा ठीक असतो, वजनं ठीक असतात, आणि पारड्याखाली हळूच कुणाचा तरी अंगठा असतो. ह्या वेळी अंगठा त्यांचाच होता. त्यांनी बाबांना त्यांच्या खडकावरून उठवलं होतं आणि मग त्याच खडकावर बसून त्यांना हरवलं होतं. शेजारची जागा रिकामी होती. पाणी होतं, गप्प बसायलाही भरपूर मिळत होतं. पण एकट्यानं गप्प बसणं म्हणजे नुसतंच गप्प बसणं.

त्याच दुपारी ते दिव्याचा मासा खिशात घालून बाबांच्या घरी गेले. खरं सांगायचं, माफी मागायची आणि रविवार परत मागायचा, असा बेत. वाटेत वाक्यं जुळवली होती. पण बाबांनी दार उघडलं, "अरे वा, बस, चहा टाकतो," म्हणाले आणि वाक्यं विरली.

स्वयंपाकघर घड्याळाच्या आतल्या भागासारखं होतं. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. बाबांनी कप घेतला. उजवी तर्जनी कपाच्या कडेवरून आत सोडली आणि चहा ओतू लागले. चहा बोटाला लागल्यावर थांबले. बोट फडक्याला पुसलं. दुसरा कप घेतला. पुन्हा बोट.

ग्रॅमसाहेब बघत राहिले. जन्मभर मापं तपासलेला माणूस, पण असं माप त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"बाबा," ते म्हणाले, "भाजत नाही का?"

बाबांचा हात थांबला. "बघितलंस होय? मला वाटलं तू बाहेर बसलायस." त्यांनी चहाचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मधोमध डाग आहे. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. कडेकडेचं दिसतं अजून. म्हणून तर दुकान विकलं. आता समोर बघितलं की तुझा चेहरा जातो, कान तेवढे राहतात. काय मोठे कान आहेत रे तुझे! इतकी वर्षं चेहऱ्यामुळे लक्षातच आलं नव्हतं."

ग्रॅमसाहेबांना हसूही आलं नाही आणि दुसरं काही येऊ द्यायचं नव्हतं. झुडपाकडे बघत लागलेले सगळे बास त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. दोऱ्यावरचं बोट. खांद्यावरचा हात. 'किती वाजले रे.'

"म्हणजे ती हॅट..."

"दिसली नाही रे. संध्याकाळी काहीच दिसत नाही. तुम्ही हसलात तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत? मी आणखी हॅट एक, हॅट एक म्हणून..."

"अरे, तू सगळं इतकं समान समान करत होतास. बरं वाटत होतं मला. डॉक्टर काय, औषधवाला काय, रस्ता ओलांडताना हात धरणारे काय, सगळे मला सांभाळून घेतात. तू एकट्यानं समान धरलंस." ते खुर्ची चाचपून बसले. "फक्त नंतर वाटलं, आता झेपायचं नाही. लोकांच्या डोक्यांना धोका."

"तिला माहीत आहे?"

"नाही. आणि सांगू नकोस. ती लगेच मला उचलून तुमच्याकडे नेईल. पदरात लेकरू आहे तिच्या, त्यात हे म्हातारं लेकरू कशाला?"

"तिला मी सांगणार, बाबा. आजच. तिच्यापासून नाही लपवणार."

बाबांनी आवाजाच्या दिशेला मान वळवली. हा आवाज त्यांनी बाजारात ऐकलेला असावा. "बरं," ते हळूच म्हणाले, "पण जरा बेतानं सांग."

ग्रॅमसाहेबांनी खिशातून मासा काढून त्यांच्या हातात ठेवला. "आणि दुसरं. हा काही तिप्पट-बिप्पट नाही. ते दोन्ही बास तुमच्या खडकाचे होते."

"ते मला तेव्हाच माहीत होतं."

"तेही बोलला नाहीत?"

"लेकीनं आवडीनं आणलेली भेट. ती मी कशाला खोटी पाडू?" बाबा अंगठ्यानं माशाचे डोळे चाचपत होते. "मला तिप्पट नकोच होतं रे. त्या सकाळी कानापाशी, कडेला धरला ना, तेव्हा दिसला. हिरवा, स्पष्ट. पाण्यातलं काही दिसून किती दिवस झाले होते! म्हणून मागितला."

बायकोला सांगितलं तेव्हा ती रडली, मग चिडली, मग फोन करून बापाशी भांडली, मग पुन्हा रडली. दरम्यान तळ्याच्या कार्यालयातून लेखी परवानगी आली: 'एक दिवा, माशाच्या पोटात असल्यास, हरकत नाही.' खाली कारकुनानं हातानं लिहिलं होतं: 'उपस्थितांनी डोक्यावर काही घालू नये.'

पुढच्या रविवारी बाबा आले. ग्रॅमसाहेबांनी त्यांना मुद्दाम लवकर आणलं होतं, उजाडायच्या आधी, पाणी काळं असतानाच. म्हणजे दिवा चांगला दिसेल. बाबा आपल्या खडकावर बसले, कुणाच्या खांद्यावर हात न ठेवता. ग्रॅमसाहेबांनी मासा दोऱ्याला बांधला आणि वाकून पाण्यात बुडवला.

दिवा लागला नाही.

त्यांनी मासा पुसला, पुन्हा बुडवला. झटकला. लेक करायची तसे ठिपके जिभेनंही ओले करून पाहिले. काही नाही. आतली बॅटरी बदलता येत नाही. हे कुणी वाचत नाही, ते वाचतात. बादली, टब, साबणाचं पाणी. एकेक टेबल. भर उन्हातले ते तासन्‌तास. मोजकाच उजेड होता, तो सगळा त्यांनी मोजण्यात घालवला होता. लेकीच्या घासांना लागला तेवढाच काय तो सत्कारणी.

"लागला का?" बाबांनी विचारलं. ते डावीकडच्या झुडपाकडे बघत होते.

ग्रॅमसाहेबांनी नोकरीत आजवर एकही खोटं माप पास केलं नव्हतं.

"लागला," ते म्हणाले.

बाबांनी काठी मागे नेली, आणि गळ सरळ, लांब, मऊ आवाज करत पाण्यात पडला. त्यांनी दोरा बोटावर घेतला. मान किंचित तिरपी केली.

"दिसतोय रे," बाबा म्हणाले. "छान दिसतोय. हिरवागार."

ग्रॅमसाहेब काळ्या पाण्याकडे बघत होते. बाबांच्या अंगठ्याला, कानाला, कशाला काय कळत होतं, हे तपासायचं कुठलंही साधन त्यांच्यापाशी नव्हतं. आणि असतं, तरी ते त्यांनी बाहेर काढलं नसतं.

"हो," ते म्हणाले.

"आज टकटक नाही ना?"

"नाही, बाबा."

रीळ दोन वेढे फिरलं, थांबलं. परत फिरलं.

"किती वाजले रे?"

ग्रॅमसाहेबांनी मनगट वर केलं, मग तसंच खाली घेतलं.

"असतील सहा-साडेसहा."

बाबांनी चमकून मान वळवली. जावयाच्या कानांकडे बघितलं. "सहा की साडेसहा? तू आणि असा मोघम?"

"वेळ आहे, बाबा," ग्रॅमसाहेब म्हणाले. "अजून पुष्कळ वेळ आहे."